दहावीचा अभ्यास आणि उजळणी : मुलं आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मराठी माध्यमाच्या शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी तेच प्रश्न येतात. कधी मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराशी, कधी पालकसभेनंतर, कधी बसस्टॉपवर. घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून इथे सावकाश लिहिते आहे. राज्य मंडळाची दहावी समोर ठेवली आहे, पण नववीच्या मुलांनी वाचलं तर त्यांना एक वर्ष जास्त मिळेल. मुलांशी वर्गात बोलते तसंच ‘तू’ म्हणून बोलले आहे.

बाई, धडा तीन वेळा वाचला. वाचताना सगळं कळत होतं. पेपरात मात्र काही आठवलं नाही. असं का होतं?

कारण वाचताना कळणं आणि पुस्तक समोर नसताना आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत दुसरं काम करावं लागतं आणि आपण सराव करतो पहिल्याचा. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, त्यामुळे ‘हे मला येतं’ असं मन सांगतं. लग्नात भेटलेल्या नातेवाइकाचा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. तुझ्या धड्याचं तसंच झालंय.

पाढे आठवून बघ. सातचा पाढा सुरात सगळ्यांनाच म्हणता येतो. मध्येच कुणी ‘सात नव्वे?’ विचारलं की काही मुलं पटकन ‘त्रेसष्ट’ म्हणतात आणि बाकीची मनात ‘सात एके सात’पासून सुरुवात करतात. पहिल्या मुलांना घरी कुणीतरी पाढे आडवेतिडवे विचारलेले असतात. फरक तेवढाच असतो.

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं : दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. आदल्या रात्री वाचून सकाळी घटक चाचणी दिली तर जमतं, पण बोर्डाच्या परीक्षेला तोच मुलगा अडतो, त्याचं कारण यात आहे.

मग नेमकं करायचं काय?

पुस्तक मिटायचं. माझ्याकडे अभ्यासाचा एकच सल्ला शिल्लक राहिला तर तो हाच असेल.

एका वेळी दोन पानं घे. नीट समजून वाच, घाई नको. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर पेन्सिलीने आठवेल ते लिही. सुवाच्य नको, पूर्ण वाक्यं नकोत, आकृती आठवली तर आकृती काढ. अडलास तरी लगेच पुस्तक उघडू नकोस, एक-दोन मिनिटं डोक्याला ताण दे. तो ताणच उपयोगी पडतो. मग पुस्तक उघडून जे सुटलं किंवा चुकलं ते लाल पेनाने भर.

गेल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीचा असा कागद मी जपून ठेवलाय. धडा ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’, मुद्दा पेशीस्तरावरचं श्वसन. पेन्सिलीने तिने लिहिलं होतं : पेशीद्रवात ग्लुकोजचं विघटन, एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू. पुढे ‘क्रेब चक्र’ एवढंच, आणि ते कुठे होतं ती जागा रिकामी. त्या जागी लाल शाईत ‘तंतुकणिका’. खाली इलेक्ट्रॉन वहन साखळीचं नावच नव्हतं, तेही लाल. चार दिवसांनी तिने तोच मुद्दा नव्या कागदावर लिहिला तेव्हा लाल शाईत दोनच शब्द होते. पुन्हा दहा दिवसांनी एकही नाही. एका मुद्द्यावर तिची सगळी मिळून पाऊण तासाहून कमी मेहनत झाली होती, आणि तोवर ती हाच धडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सहा वेळा वाचून रडकुंडीला आली होती.

लाल शाई दिसली की मुलं खट्टू होतात. खट्टू होऊ नकोस. आज काय शिकायचं आहे त्याची ती यादी आहे, आणि ती तुझ्याशिवाय तुला कुणी देऊ शकत नाही.

महत्त्वाच्या ओळी हायलाइट करते, सुंदर नोट्स काढते. त्याचा उपयोग होतो ना?

हायलाइट केल्यानं हात कामात राहतो, आठवणीला फारसं काम लागत नाही. पानावर पिवळ्या रंगाशिवाय जागाच उरली नसेल तर महत्त्वाचं काय हे ठरलेलंच नाही.

नोट्स काढायच्याच असतील तर प्रश्नांच्या काढ. वहीच्या पानाला डावीकडे समास असतोच. तिथे प्रश्न लिही, उजवीकडे त्रोटक उत्तर. उजळणीला उजवी बाजू पट्टीने किंवा कागदाने झाकायची आणि डावीकडचे प्रश्न स्वतःला विचारायचे. व्याख्या, सूत्रं, एकके, सनावळ्या यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची छोटी कार्डं कापून घे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आलेली कार्डं एका डब्यात, न आलेली दुसऱ्या डब्यात. न आलेली रोज बघायची, आलेली आठवड्याने. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात ही डब्यांची रीत लोकांपुढे मांडली. आमच्या शाळेतली मुलं ती बुटांच्या खोक्यात चालवतात.

पाठांतर वाईट असतं का? सगळे म्हणतात घोकंपट्टी करू नका.

सूत्रं, व्याख्या, प्रमेयांची विधानं, आवर्तसारणीतली पहिली वीस मूलद्रव्यं पाठच हवीत. ती शोधत बसलास तर विचार करायला डोकं मोकळं राहत नाही. न समजता पाठ केलेलं मात्र एक शब्द विसरला की अख्खं कोसळतं. आधी समज, मग पाठ कर. ‘पायथागोरसचे प्रमेय’ पाठ असणाऱ्या मुलाला काटकोन आकृतीत कुठे आहे हे विचारून बघावं, लगेच कळतं.

उजळणी किती वेळा करायची आणि कधी?

जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने किती उरले ते तपासायचं, असा तो प्रयोग होता. सगळ्यात मोठी घसरण पहिल्याच दिवसात दिसली, पुढे घसरण मंदावत गेली. अर्थ कळलेला धडा इतक्या वेगाने जात नाही, पण आलेखाची चाल तीच असते. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि नंतरच्या हळूहळू लांबवल्या तरी चालतात.

मी मुलांना सांगते : आज शिकलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी पुस्तक मिटून. पहिल्या उजळणीला पंधरा मिनिटं लागतील, चौथीला पाच. धड्याच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारखा टाकत जा, म्हणजे कुठला धडा कधीपासून उघडलाच नाही हे पुस्तक चाळताना दिसतं. घरी भिंतीवर कालनिर्णय असतोच. पुढच्या उजळणीचा धडा त्या तारखेच्या चौकोनात लिहून टाक.

सलग तीन तास एकच धडा करण्यापेक्षा तीन वेगळ्या दिवशी एकेक तास दिलेला कितीतरी जास्त टिकतो. तास तेवढेच, फक्त वाटून. मधल्या दिवसांत थोडं विसरायला होतं आणि पुन्हा आठवावं लागतं, म्हणून ते पक्कं होतं. विसरलास म्हणजे तू ‘ढ’ आहेस असा अर्थ काढू नकोस.

रोज किती तास अभ्यास करावा? पहाटे की रात्री?

तासांचा आकडा मी सांगत नाही. शाळा आणि क्लास सोडून स्वतः बसून केलेले अडीच-तीन तास, मन लावून, ऑक्टोबरपासून रोज, एवढं बहुतेकांना पुरतं. चाळीस-पन्नास मिनिटं बसावं, दहा मिनिटं उठून पाणी प्यावं, गच्चीवर एक फेरी मारावी.

पहाटे चारला उठलंच पाहिजे असा नियम नाही. ज्याला रात्री नऊ ते अकरा छान जमतं त्याने तेव्हा करावं. झोप मात्र कापू नये. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोपेची शिफारस डॉक्टर करतात, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं काम झोपेत चालतं. एक वाजेपर्यंत जागून पहाटे पाचला उठणारी मुलं पहिल्या तासाला माझ्यासमोर डोळे ताणून बसतात, तेव्हा त्यांना काहीही शिकवावंसं वाटत नाही, झोपवावंसं वाटतं.

गणित येतं, पण सिली मिस्टेकमुळे गुण जातात. काय करू?

‘सिली मिस्टेक’ हा शब्द मी वर्गात बंद केलाय. तो वापरला की चुकीकडे बघायचं राहून जातं. तुझ्या चुका तपासल्यास तर दिसेल की त्याच तीन-चार चुका पुन्हापुन्हा होतात.

त्यासाठी चुकांची वही कर. शंभर पानी साधी वही पुरे. एका चुकीला तीन ओळी : काय विचारलं होतं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय बघायचं. एका मुलाच्या वहीतली नोंद सांगते. प्रश्न : ३६, ३२, २८… या अंकगणिती श्रेढीचं कितवं पद ० असेल? त्याने सामान्य फरक ४ घेतला. पहिल्यातून दुसरं वजा केलं होतं, करायचं होतं दुसऱ्यातून पहिलं. उत्तर आलं उणे ८. त्याने ते तसंच लिहून चौकट केली आणि पुढे गेला. वहीत त्याने लिहिलं : ‘संख्या कमी होत चालल्या, म्हणजे सामान्य फरक ऋण. उणे आठवं पद नसतं. उत्तर आल्यावर प्रश्न परत वाचणे.’ फरक उणे ४ घेतला की उत्तर दहावं पद येतं, तेही त्याने खाली सोडवून ठेवलं. प्रिलिमला श्रेढीचं उदाहरण आलं तेव्हा त्याने शेवटी परत वर बघितलेलं मला पर्यवेक्षण करताना दिसलं. फार बरं वाटलं.

दुसरी गोष्ट सरावाची. पुस्तकात प्रत्येक मुद्द्यानंतर सरावसंच असतो. तिथे कुठलं सूत्र लावायचं हे सांगायची गरजच नसते, आत्ताच तर ते शिकवलेलं असतं. धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो आणि बरीच मुलं तो ‘झालं सगळं’ म्हणून सोडतात. पेपर मात्र संकीर्णसारखा असतो. भूमितीत तर समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, त्रिकोणमिती सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण. आकृती बघून ‘इथे काय लागेल?’ हे ओळखणं हेच अर्धं गणित आहे, आणि त्याचा सराव वेगवेगळ्या धड्यांची उदाहरणं मिसळून सोडवल्याशिवाय होत नाही. आठवड्यातून एकदा चार धड्यांतून दोन-दोन उदाहरणं चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड आणि सोडव. सुरुवातीला जड जाईल. सरावसंच सोडवताना जितकं छान वाटतं तितकं वाटणार नाही. तरी सोडू नकोस.

गणिताची भीती बसलेल्यांना हेही सांगते : सध्याच्या आराखड्यात ४० गुणांच्या पेपरात पहिले दोन प्रश्न मिळून २० गुणांचे आहेत. एक आणि दोन गुणांची सोपी कामं, त्यातच चौकटी भरायच्या कृती. पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांवर झाकण ठेवून ती स्वतः सोडवलीस तरी यातले बरेच गुण हातात येतात.

भूगोलाच्या नकाशात नेहमी गोंधळ होतो. ब्राझील तर डोळ्यांसमोरच येत नाही.

दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवतो, तेव्हा अभ्यासही शेजारी ठेवूनच कर. एका कागदावर दोन्ही देशांची ढोबळ बाह्यरेषा हाताने काढ. सुंदर येणार नाही, हरकत नाही. भारतावर कर्कवृत्त ओढ. ब्राझीलवर वरच्या बाजूला विषुववृत्त, खाली साओ पावलोजवळून मकरवृत्त. मग ॲमेझॉन, तिच्या खोऱ्यात मॅनॉस, किनाऱ्याला रिओ दी जानेरो, आतल्या उच्चभूमीवर ब्राझिलिया. आता कारणं स्वतःला विचार. मॅनॉसला पाऊस का जास्त? विषुववृत्ताजवळ आहे म्हणून. एकदा जागा डोळ्यांत बसली की ‘भौगोलिक कारणे लिहा’चे निम्मे मुद्दे नकाशातूनच सापडतात.

हा कागद आठवड्यातून एकदा, कोरा, न बघता. पाच मिनिटांचं काम आहे. परीक्षेत नकाशाला सूची द्यायला विसरू नकोस, सरावातही दे.

भाषांचा अभ्यास करावा लागतो का? मराठी तर आपलीच आहे.

आपलीच आहे म्हणून सगळ्यात जास्त गृहीत धरली जाते. प्रथम भाषेची कृतिपत्रिका ८० गुणांची आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ८० पैकी गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. शेवटच्या दोन्हींची बेरीज कर : ४०. म्हणजे निम्मा पेपर पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध आणि व्याकरण यांचा. धडे शंभर वेळा वाचून हा निम्मा भाग येत नाही, तो लिहूनच येतो. दर रविवारी एक पत्र किंवा एक बातमी घड्याळ लावून लिहायची आणि शाळेत बाईंना दाखवायची. महिनाभरात अक्षर, वेळ आणि शुद्धलेखन तिन्ही सुधारतं. इंग्रजी-हिंदीलाही हेच लागू.

गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या नोट्स यांतलं काय वापरू?

आधी बालभारतीचं पाठ्यपुस्तक, प्रत्येक धड्याचा स्वाध्याय स्वतःच्या शब्दांत लिहून. पुस्तक हरवलं, फाटलं तर ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळते. गाईड पडताळणीसाठी ठीक आहे, पण उत्तर आधी स्वतः लिहायचं आणि मग गाईड उघडायचं. उलट्या क्रमाने केलंस तर पुन्हा ते ओळखीचं वाटण्याचंच दुखणं. अपेक्षित प्रश्न सराव म्हणून सोडव. ‘एवढंच येणार’ म्हणून बाकीचं सोडू नकोस.

मागच्या वर्षीची एक विद्यार्थिनी तीन क्लासना जात होती. तिन्ही ठिकाणच्या नोट्स तिच्याकडे होत्या, एकही पूर्ण वाचलेली नव्हती. संध्याकाळी साडेआठला घरी यायची, जेवायची आणि झोपायची. स्वतः बसायला तिला वेळच मिळाला नाही. तिच्या आईला मी एक क्लास बंद करायला सांगितलं, तेव्हा आईला ते धाडसच वाटलं होतं.

सराव पेपर कधीपासून सोडवायचे?

एक विषय पूर्ण होण्याची वाट बघू नकोस. डिसेंबरपासून आठवड्याला एक. परीक्षेसारखाच : सकाळी ११ वाजता, टेबलावर फक्त पेन, कंपास आणि पाण्याची बाटली, मध्ये उठायचं नाही. ४० गुणांना दोन तास म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. ८० गुणांना तीन तास म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं, त्यामुळे भाषांचे पेपरच जास्त मुलांचे अपुरे राहतात. २०२३ पासून मंडळ शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं. ती तपासायला ठेव, लिहायला धरू नकोस.

पेपर सोडवून बाजूला ठेवला तर निम्मा उपयोग वाया जातो. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन बस. आलं नाही म्हणून गेलेले गुण, येत होतं पण चुकलं म्हणून गेलेले, आणि वेळ संपला म्हणून गेलेले असे तीन ढीग कर. पहिल्यासाठी धडा उघडायचा, दुसऱ्यासाठी चुकांची वही, तिसऱ्यासाठी घड्याळ.

मोबाईल सुटत नाही.

शेजारी उलटा ठेवलेला मोबाईलसुद्धा लक्ष खेचतो. दुसऱ्या खोलीत, आईकडे, कपाटात ठेव. व्हिडिओ बघून शिकायचं असेल तर आधी कागदावर लिही : मला भिंगाच्या सूत्रातली चिन्हं कळत नाहीत. तेवढाच व्हिडिओ बघ, मोबाईल परत दे आणि लगेच एक उदाहरण सोडव. व्हिडिओ बघतानाही ‘कळलं’ असंच वाटतं, पुस्तकासारखं.

घर एका खोलीचं आहे. टीव्ही चालू असतो, लहान भावंडं असतात. शेतातलं कामही असतं. अभ्यास कुठे आणि कधी करू?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांबद्दल मला फार वाटतं, कारण अभ्यासाच्या बहुतेक सल्ल्यांत स्वतंत्र टेबल आणि शांत खोली धरूनच चाललेलं असतं.

शाळा सुटल्यावर वर्ग तासभर उघडा ठेवता येतो का, हे मुख्याध्यापकांना विचार. विचारलं की बहुधा हो म्हणतात. पुष्कळ गावांत ग्रामपंचायतीची किंवा सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका असते. देवळाचं सभामंडप दुपारी रिकामं असतं. आणि पुस्तक मिटून करायचा अभ्यास कुठेही होतो, ही त्याची मोठी सोय. कांद्याला पाणी देताना, बसच्या रांगेत, भाकरी होईपर्यंत चुलीपाशी बसून स्वतःला विचारता येतं : काल वाचलेल्या धातुविज्ञानात अभिक्रियाशीलतेची श्रेणी काय होती? आठवलं नाही तर संध्याकाळी बघायचं. लग्नपत्रिकांची ती कार्डं खिशात मावतात.

आईबाबांशी एकदा बसून बोल. रोज सात ते साडेआठ टीव्ही बंद, एवढीच मागणी कर. नेमकी मागितलेली गोष्ट मिळते.

(पालकांकडून) आम्ही फार शिकलो नाही. मुलाला मदत कशी करणार?

तुम्हाला उत्तर माहीत असायची गरज नाही. पुस्तक तुमच्या हातात घ्या, धड्याखालचा स्वाध्याय उघडा आणि एकेक प्रश्न विचारा. वाचता येत नसेल तर नुसतं म्हणा, ‘आज काय शिकलास ते मला सांग, मला कळेल असं सांग.’

आमच्या शाळेतल्या एका आईने मला सांगितलेली गोष्ट. ती रात्री मेथी निवडायला बसायची आणि मुलगी समोर बसून विज्ञान सांगायची. आई मध्येच म्हणायची, ‘थांब, रक्त हृदयात परत कसं येतं ते नाही कळलं.’ मुलगी अडली की उठून पुस्तक बघून यायची. सातवी शिकलेल्या त्या माउलीने विज्ञानाची जी उजळणी करून घेतली ती माझ्या तासाला झाली नसती.

एक विनंती. ‘शेजारच्याला बघ’, ‘एवढे पैसे घातले’ ही वाक्यं या वर्षात घरात नकोत. त्यांनी भीती वाढते, आणि घाबरलेल्या डोक्याला येत असलेलंही आठवत नाही.

जानेवारी उजाडली, काहीच झालेलं नाही. आता काय?

‘काहीच’ हा शब्द आधी तपास. प्रत्येक विषयाच्या धड्यांची यादी कर आणि पुढे तीनच खुणा : येतं, अर्धवट, नाही. यादी बघितल्यावर बहुतेकांना धीर येतो.

अर्धवट धडे आधी घे, सगळ्यात कमी श्रमांत ते हाती लागतात. मग ‘नाही’मधले सोपे. दिवसाला दोन विषय, एक गणित किंवा विज्ञान आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रं. संध्याकाळी वीस मिनिटं आदल्या दिवशीचं न बघता लिहायचं, ही वीस मिनिटं कितीही घाई असली तरी मोडायची नाहीत. परीक्षेची तारीख मंडळाच्या वेळापत्रकात बघ, ऐकीव धरू नकोस. २०२४ मध्ये परीक्षा १ मार्चला सुरू झाली आणि २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला. आठ-दहा दिवसांचा फरक मोठा असतो.

तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे प्रत्येक विषयातले २० गुण विसरू नकोस. प्रयोगवह्या पूर्ण कर. टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढतात हे खरं, पण म्हणून एक विषय सोडून द्यायचा विचार करू नकोस. पास व्हायला सगळेच लागतात.

आदल्या रात्री काय करावं?

नवीन धडा उघडायचा नाही. चुकांची वही, सूत्रांची कार्डं, नकाशाचा एक कागद. हॉल तिकीट, दोन पेनं, कंपास, पट्टी पिशवीत भरून दहाला झोप. केंद्रावर अर्धा तास आधी पोचायचं असतं. दाराशी ‘तुझं ते झालं का?’ म्हणणाऱ्या घोळक्यात उभं राहू नकोस.

पेपर हातात आल्यावर डोकं रिकामं वाटलं तर घाबरू नकोस, अनेकांना तसं होतं. जे पक्कं येतं त्या प्रश्नापासून सुरुवात कर, प्रश्नक्रमांक नीट लिही. हात चालू लागला की बाकीचं परत येतं.

पेपर अवघड गेला. आता पुढच्या पेपरात लक्षच लागत नाही.

दिलेल्या पेपराची उत्तरं जुळवत बसू नकोस. घरी येऊन जेव, तासभर झोप किंवा खेळ, आणि संध्याकाळी पुढच्या विषयाची लाल शाईवाली पानं काढ. मधली सुट्टी दोन दिवसांची असेल तर पहिल्या दिवशी अवघड धडे आणि दुसऱ्या दिवशी एक सराव पेपर.

नापास झाले तर?

एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, निकालानंतर वर्ष वाया न जाता देता येते. गुण कमी वाटले तर गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसताही येतं. अर्जांच्या मुदती कमी दिवसांच्या असतात, त्यामुळे निकालाच्याच आठवड्यात शाळेत जाऊन लिपिकांना भेट.

निकालाआधी किंवा नंतर जिवाला फार घोर लागला, झोप उडाली, जगावंसं वाटेना, तर त्याच क्षणी घरातल्या किंवा शाळेतल्या कुणाला तरी सांग. सांगायला कुणी नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) मोफत क्रमांकावर रात्रीअपरात्री फोन कर, मराठीत बोलता येतं. आणि माझ्या वर्गातली असशील तर सरळ माझ्या घरी ये. मागच्या वर्षी पुरवणीला बसलेल्या दोघी दर शनिवारी येत होत्या. भूमितीचा पेपर देऊन आल्या तेव्हा त्यांच्या कंपासपेटीत चुकांच्या वहीतून फाडलेलं एक पान घडी घालून ठेवलेलं होतं.